पालथ्या दुपारी

"आत शिरलो. आता चपला कुठे काढू?" नानांचा आवाज खाटेखालून आला.

मी टेबलावरून मान वर केली. नाना, माझे सासरे, खाटेवर पालथे पडले होते. कपाळ टॉवेलच्या चुंबळीवर टेकलेलं, नाक-तोंड खाटेच्या कडेबाहेर, नजर थेट फरशीवर. त्यामुळे त्यांचं बोलणं आधी फरशीला ऐकू जायचं, मग मला.

"चपला कशाला काढायच्या, नाना? ग्रंथालय आहे ते."

"लहान मुलांचं ना?"

"हो."

"मग? पाय वर घेऊन बसल्याशिवाय लहान मुलं पुस्तक वाचतात का कधी?"

मी समोरच्या ड्रॉइंगकडे पाहिलं. दार होतं, दारापुढे पायरी होती, आत मांडणी होती. चपलांना कुठेही जागा नव्हती. आर्किटेक्चरच्या कॉलेजात या ग्रंथालयाचं कौतुक झालं होतं आणि हे एकाच्याही लक्षात आलं नव्हतं.

"डाव्या हाताला कट्टा आहे," मी थाप मारली. "त्याच्याखाली कप्पे केलेत."

"हां. काढल्या. चल पुढे."

ही भुसावळची गोष्ट, पंधराएक वर्षांपूर्वीची. माझ्या लग्नाला वर्ष होत आलं होतं. माझा नवरा उन्मेष मस्कतला नोकरीला. माझा व्हिसा आला की मीही तिकडे जायचं असं ठरलेलं. तोवर घरात मी आणि नाना. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. नाना मालगाडीवर गार्ड होते, त्यांना निवृत्त होऊनही बरीच वर्षं झाली होती. एका घरात राहून आम्ही एकमेकांशी फार जपून वागायचो. दूधवाला आला होता, पाणी भरलंय, जेवायला वाढू का, एवढंच बोलणं. दोघांपैकी कुणी एक वाक्य जरी जास्त बोललं तरी दुसऱ्याला काय करावं कळायचं नाही.

एप्रिलात त्यांच्या उजव्या डोळ्यापुढे कडेने अंधार सरकत आला. जळगावच्या डॉक्टरांनी आतला पडदा सुटल्याचं सांगितलं. ऑपरेशन करून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडला. तो बुडबुडा आतून पडद्याला दाबून धरणार, पण त्यासाठी पेशंटने पालथं राहायचं. झोपताना, जेवताना, चालताना मान खालीच. "मान वर कराल तर सगळं पुन्हा पहिल्यापासून," डॉक्टरांनी बजावलं होतं. डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आलेला. त्याला फरशीचा रंग कळायचा, रेघ कळायची नाही.

उन्मेषला रजा मिळाली नाही. थेंब घालायला मी खाटेच्या कडेशी जमिनीवर बसायची, नाना मान जराशी कलती करायचे. पहिले दोन दिवस आम्ही दोघंही त्या वेळी संकोचाने इकडेतिकडे बघत होतो. म्हणजे मी बघत होते, त्यांना फरशीच होती. त्यांना एकटं सोडता येईना म्हणून मी माझं टेबल पुढच्या खोलीत आणलं. बाहेर भुसावळचं ऊन, आत कूलरची घरघर, वाळ्याचा ओला वास, आणि लांबून यार्डातल्या डब्यांची धडधड. त्या उजेडात दुपार आहे की संध्याकाळ हेसुद्धा नीट कळायचं नाही.

तिसऱ्या दिवशी नानांनी विचारलं, "काय कापतेस गं सारखं? कात्री नाही वाटत."

"कटर आहे. कॉलेजची जुनी ड्रॉइंग्ज नीट लावतेय. पोर्टफोलिओ म्हणतात त्याला. आपण आजवर काढलेल्या इमारती एकत्र मांडायच्या, म्हणजे बघणाऱ्याला कळतं आपल्याला काय येतं ते."

"मला दाखव."

"कसं दाखवू, नाना?"

"तेही खरंच." मग म्हणाले, "फिरवून तरी आण. ही फरशी पाहून पाहून मी कंटाळलो बघ."

असं ते सुरू झालं. दुपारचं जेवण झालं, थेंब झाले की मी एखादं ड्रॉइंग पुढे घ्यायची आणि नानांना आत न्यायची. नाना डोळे मिटून चालायचे. मासळीबाजारात शिरले तर विचारायचे, धुतलेलं पाणी कुठून जातं? दगडाच्या घरात शिरले तर म्हणायचे, भिंतीला हात लावू का, गार आहे? मी म्हणायची, लावा. ते खरंच खाटेवरून हात लांब करायचे, आणि रिकाम्या हवेत त्यांची बोटं थोडा वेळ टेकून राहायची.

त्यांना सांगितलं होतं ते खोटं नव्हतं, पण अर्धंच होतं. मी पोर्टफोलिओ करत होते तो अहमदाबादच्या एका संस्थेसाठी. तिथे पुढचं दोन वर्षांचं शिक्षण घ्यायचं लग्नाआधीपासून माझ्या मनात होतं. उन्मेषला एकदा फोनवर सांगितलं होतं. तो म्हणाला, "बघू, आधी इकडे तर ये." त्याचं 'बघू' वाईट नव्हतं, पण त्यावर काही उभं करता येत नव्हतं. नानांना मी काहीच बोलले नव्हते. काय बोलणार? मस्कतला जाणारी सून निघून जाते ती नवऱ्याकडे. अहमदाबादला जाणारी कुणाकडे जाते?

अर्जाची तारीख जवळ येत होती. पानं मोजकीच घेता येणार होती. ग्रंथालय, मासळीबाजार, दगडी घर ही नक्की झाली. एक दुपार अशी आली की दाखवायला काही उरलं नाही.

"संपल्या तुझ्या इमारती?" नाना म्हणाले.

"एक आहे. पण ती मी घेणार नाहीये."

"घेऊ नकोस. मला ने तर खरी."

ती माझी शेवटच्या वर्षाची इमारत होती. तापीकाठी, एका लहान गावासाठी, एक मोठं सभागृह. ड्रॉइंग नळकांड्यातच होतं, मी बाहेर काढलं नाही. आठवेल तसं सांगू लागले.

"गावातून उतरत यायचं. तीन बाजूंना विटांच्या भिंती, उंच. दार मात्र ठेंगणं, वाकून जावं लागतं."

"वाकलेलोच आहे. चल."

"आत आधी काही दिसत नाही, कारण बाहेर ऊन आहे. पाय टाकला की गार लागतं. मग हळूहळू वर लाकडी छप्पर दिसायला लागतं, खूप वर. आणि समोर भिंतच नाही. समोर नदी."

मला वाटलं नानांना झोप लागली. थेंबांनी त्यांना अशी मध्येच गुंगी यायची.

"आत काय आहे?" बऱ्याच वेळाने आवाज आला.

"काही नाही. मोकळं."

"खांब?"

"मध्ये एकही नाही."

"हाक मारली तर घुमते?"

"नाही. नदीची बाजू उघडी आहे ना, आवाज तिकडून निघून जातो."

"बरं आहे," नाना म्हणाले. "जाऊ दे त्याला."

मग ते बोलायला लागले. आमच्या घरात नाना इतकं सलग बोललेले मी कधी ऐकले नव्हते. मालगाडीच्या शेवटी गार्डाचा डबा असतो. लोखंडी पेटीच ती. बसायला एक फळी, हात पसरले तर दोन्हीकडे पत्रा लागतो. उन्हाळ्यात तापते, थंडीत गारठते. कुठेतरी रानात सिग्नल मिळत नाही, गाडी तासन् तास उभी, आणि माणूस त्या पेटीत. "ड्रायव्हरला पुढचं दिसतं. गार्डाला फक्त मागे पडलेलं दिसतं," ते म्हणाले. "तेव्हा मी काय करायचो सांगू? डोळे मिटून पत्रे लांब लांब ढकलायचो. मनातल्या मनात. चारही बाजूंनी. पण थोडे सरकले की गाडी हलायची. आज पहिल्यांदा पूर्ण सरकले बघ."

दुसऱ्या दिवशी त्यांनी ग्रंथालय नको म्हणून सांगितलं. "नदीवर जाऊ." तिसऱ्या दिवशीही तिथेच. मग विचारायचीही गरज राहिली नाही. थेंब झाले की मी म्हणायची, "वाका," आणि आम्ही आत.

रोज आत काहीतरी वेगळं असायचं. एकदा त्यांनी विचारलं, पाखरं येतात का? मी म्हटलं, येतात, वर तुळयांवर बसतात, संध्याकाळी फार गलका करतात. एकदा विचारलं, नदीला पूर आला तर? मी म्हटलं, पाणी पायऱ्या चढून आत येतं आणि ओसरताना बारीक रेती ठेवून जातं, ती कुणी झाडत नाही. हे मी कधी काढलं नव्हतं. बोलताना सुचत होतं, आणि बोलून झालं की ते आधीपासून तिथे असल्यासारखं वाटायचं. कधी कधी कूलरच्या आवाजात मलाच डुलकी लागायची आणि जाग येताना पायाला रेती लागल्याचा भास व्हायचा.

अशाच एका दुपारी माझा डोळा लागला होता. नानांच्या आवाजाने जाग आली. ते झोपेत बोलत होते, पण शब्द स्पष्ट होते.

"इंदू, अगं तिकडे कुठे बसलीस? इकडे ये. इथे वारा आहे."

इंदू म्हणजे माझ्या सासूबाई. मी त्यांना फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलेलं. मी हललेसुद्धा नाही. थोड्या वेळाने नाना हसले, अगदी हळू, एखाद्याने शेजारी बसून कानात काही सांगितलं की माणूस हसतो तसं. मग त्यांचा श्वास पुन्हा लांब झाला.

संध्याकाळी चहा पिताना, म्हणजे त्यांच्यासाठी नळीने, त्यांनी विचारलं, "ही इमारत घेणार का नाहीस?"

"परीक्षकांना आवडली नव्हती. स्टेज कुठे, खुर्च्या कुठे, एवढी जागा नेमकी कशासाठी, असं विचारत होते. मी म्हटलं, बसायला. तर सगळे हसले."

"मार्क?"

"पास होण्यापुरते."

नानांनी नळी तोंडातून काढली. मी कप उचलून आत गेले आणि मोरीपाशी उभी असताना माझ्या ध्यानात आलं, नानांनी इतक्या दिवसांत मला काय काय विचारलं होतं. वारा, आवाज, पाखरं, पूर. ती जागा कशासाठी, हे मात्र त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं.

डॉक्टरांनी मान वर करायला परवानगी दिली त्या दिवशी नाना खुर्चीत ताठ बसले आणि कितीतरी वेळ नुसते समोर पाहत राहिले. डोळ्यात बुडबुडा अजून होता. तो रोज थोडा थोडा लहान होत जाणार होता. आठवड्याभरात त्यांना वरचा अर्धा भाग दिसू लागला. खाली मात्र पाण्याची रेघ हलायची. "तुझं डोकं बाहेर आहे आणि बाकीची तू पाण्यात उभी आहेस," ते मला म्हणाले. चालताना ते पाय उचलून टाकायचे, पाण्यातून चालल्यासारखे.

त्याच सुमारास उन्मेषचा फोन आला. व्हिसा आला होता. नानांचं जरा स्थिरस्थावर झालं की तिकीट काढतो म्हणाला. त्याच्या आवाजात इतका आनंद होता की मी फक्त "हो" म्हटलं. फोन ठेवला, टेबलावरची पानं गोळा केली आणि फाइल बंद करून कपाटावर ठेवली.

"झालं तुझं?" नाना खुर्चीतून म्हणाले.

"झालं असं समजा."

"मग आता दिसतंय थोडं. ते नदीवरचं दाखव."

नळकांड्यातून ड्रॉइंग काढून मी त्यांच्या हातात दिलं. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, वरखाली केला, खाली पाण्यात बुडालेला भाग वर आणून पाहिला. मी वाट पाहत उभी.

"हे ते नाही," नाना म्हणाले.

"तेच आहे, नाना."

"नाही गं. भिंती आहेत, छप्पर आहे. पण रेती कुठे आहे? पाखरं? आत शिरल्यावर आधी काही दिसत नाही म्हणालीस, यात तर सगळं एकदम दिसतंय." त्यांनी कागद जपून मांडीवर ठेवला. "चांगलं आहे. पण आपण गेलो होतो ते हे नव्हे."

मला राग आला. मग राग ओसरला आणि मी त्या कागदाकडे नीट पाहिलं. ते खरं बोलत होते. तीन वर्षांपूर्वी मी जे काढलं होतं त्यात भिंती आणि छप्पर होतं. बाकीची जागा मी पालथ्या पडलेल्या माणसाला सांगता सांगता बांधली होती.

मी फाइल कपाटावरून खाली काढली. पुढच्या काही दिवसांत मी ते सभागृह पुन्हा काढलं. दोन पानं घेतली. एकावर नकाशा, अगदी बारीक रेघांचा. दुसऱ्या पानावर ठेंगण्या दाराशी जवळजवळ काळोख, तो हलका होत होत नदीकडे पांढरा कोरा कागद, आणि त्या कडेने आमचं चालणं लिहिलेलं, बोललो होतो तसंच. वाका. पाय टाका. गार लागेल. थांबा, आता वर बघा. नाना खुर्चीत बसून ऐकायचे आणि मध्येच म्हणायचे, "इथे जरा वेळ लागला होता आपल्याला," मग मी तिथे ओळ सोडायची.

पानं पूर्ण झाली तेव्हा त्यांनीच विचारलं, "आता हे कुणाला देणार?"

मी सांगितलं. अहमदाबाद, दोन वर्षं, उन्मेषचं 'बघू', व्हिसा, सगळं. बोलताना मी फरशीकडे पाहत होते.

यार्डात कुठेतरी डबे एकमेकांवर आदळले.

"मस्कतला गेली असतीस तरी मी एकटाच राहणार होतो," नाना म्हणाले. "त्याची काळजी करू नकोस. एकटं राहण्याचाच पगार घेतला मी जन्मभर."

"नाना, तुम्हाला काय वाटतं ते सांगा ना."

"खरं सांगू?"

"हो."

"तू कुठेच जाऊ नयेस असं वाटतं मला. मस्कतला नको, तिकडेही नको. इथेच बसावंस टेबलाशी आणि मला दुपारी फिरवावंस." डाव्या डोळ्यातून की बुडबुड्याच्या कळलं नाही, पण पाणी आलं. "म्हाताऱ्याचा हट्ट आहे. आहे तो आहे. तू विचारलंस म्हणून सांगितलं. आता ते पाठव."

"आणि उन्मेष?"

"त्याच्याशी तू बोल. माझ्याशी बोललीस तसं, सगळं. 'बघू' म्हणाला तर विचार, कधी बघू?"

मी बोलले. पहिल्या दिवशी भांडण झालं, दुसऱ्या दिवशी त्याने फोन घेतला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच फोन करून म्हणाला, "दोन वर्षं म्हणजे दोनच ना?" मी म्हटलं, दोनच. अर्ज गेला. मुलाखतीला बोलावणं आलं. तिथे तिघांपैकी दोघांनी सभागृहाची पानं भराभरा उलटली. तिसऱ्या बाई थांबल्या आणि ती कडेची ओळ वाचत शेवटपर्यंत गेल्या. वाचताना त्यांची मान किंचित खाली झाली होती. त्यांनी काही विचारलं नाही. जुलैत मी अहमदाबादला गेले.

नानांच्या उजव्या डोळ्याला अर्ध्याहून थोडं जास्त दिसायला लागलं. डाव्याचा मोतीबिंदू पावसाळ्यानंतर काढला. शेजारच्या बऱ्हाटेकाकू डबा द्यायच्या. फोनवर मी विचारलं की म्हणायचे, "मजेत आहे. तू तुझं बघ."

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी आले. दार उघडंच होतं. आत पाऊल टाकलं आणि मला वाटलं घर चुकलं. पुढच्या खोलीत काहीच नव्हतं. सोफा नव्हता, टीव्ही नव्हता, काचेचं कपाट नव्हतं, खाटही नव्हती. भिंतीवरचा फोटोसुद्धा उतरवलेला. चारही खिडक्यांचे पडदे काढलेले, फरशी धुऊन पुसून ठेवलेली. त्या एवढ्याशा खोलीत इतकी जागा असेल असं मला कधी वाटलं नव्हतं. मागच्या दाराच्या उंबऱ्याशी, खाली फरशीवरच, भिंतीला पाठ लावून नाना बसले होते.

"सामान कुठे गेलं?" मी बॅग हातात धरूनच विचारलं.

"मागच्या खोलीत. बऱ्हाटेंची पोरं आली होती उचलायला."

"अहो, पण पाहुणे आले तर बसतील कुठे?"

"खाली बसतील." नाना जरा कडेला सरकले आणि शेजारच्या फरशीवर तळवा टेकवला. "तू बस की."

मी बॅग दारातच ठेवली, खोली ओलांडून त्यांच्याजवळ गेले आणि बसले. दोन्ही दारांमधून वारा येत होता.